बाई अजून वरच आहेत

गुडघा बदलला तेव्हा नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांत चालायला लागाल. लागले. डोंगर चढायला मात्र सहा वर्षं लागली, आणि त्यात गुडघ्याचा काहीएक दोष नव्हता, हे आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

माझं नाव जमुना कटरे. जिल्हा परिषदेची निवृत्त मुख्याध्यापिका. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. गोंदियात मुलगा लोकेंद्र, सून रुचि आणि मी, अशी तिघं राहतो. लोकेंद्रचं मेडिकल आहे, त्यामुळे घरात औषधं आणि सल्ले यांना तोटा नाही.

सालेकसा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आवळीटोला नावाचं चाळीस घरांचं गाव आहे. तिथल्या शाळेत मी चौदा वर्षं काढली आणि त्या चौदा वर्षांत जवळजवळ दर रविवारी डोंगर चढले. सोबत रुख्माबाई उईके. रुख्मा शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मी ज्याला गिरिभ्रमण म्हणायचे त्याला ती लाकडं आणणं म्हणायची. वर जाताना दोघी सारख्याच असायचो. खाली येताना तिच्या डोक्यावर मोळी असायची आणि माझ्या डोक्यावर टोपी.

सहा वर्षांपूर्वी गारपिटीत घसरले, गुडघा गेला, बदली गोंदियाला करून घेतली आणि डोंगर सुटला. पण तोंड कुठं सुटतं? ‘डोंगर आणि मी’ हे व्याख्यान मी गोंदिया, आमगाव, तिरोडा मिळून अकरा ठिकाणी दिलं. चार सत्कार झाले. एके ठिकाणी मला ‘डोंगरकन्या’ म्हणाले, तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. आणि ही डोंगरकन्या गच्चीवर पापड वाळत घालायला सुनेला पाठवायची, कारण जिना उतरताना पाय लटपटायचे. सकाळचं फिरणं नागऱ्याच्या रस्त्यावर, कारण तो सपाट आहे. मला भीती वाटत होती. चढायची नाही, उतरायची.

दरवर्षी हस्त नक्षत्र लागलं की आवळीटोल्याहून सुकरामचा फोन यायचा. सुकराम हा रुख्माचा भाऊ आणि गावचा भूमक, म्हणजे देवाधर्माचं बघणारा माणूस.

“बाई, यंदा येता का? डोंगरावर जाऊ,” एवढंच तो म्हणायचा.

मग मी त्याला गुडघ्याची हकीकत सांगायची. अर्धा तास. तो सगळं ऐकून घ्यायचा, “बरं जी” म्हणायचा आणि फोन ठेवायचा. गाव माझ्यावर किती जीव टाकतं याचं उदाहरण म्हणून हा फोन मी व्याख्यानात सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे.

रुख्मा मात्र कधी फोनवर आली नाही. भेटायलाही आली नाही, सहा वर्षांत एकदासुद्धा. हे मी मनात धरून होते. चौदा वर्षं एका डब्यात जेवलो, आणि गुडघा फुटला तर बाईला गोंदियाला यायला होत नाही? अमेरिकेत आहे का मी? पन्नास किलोमीटर तर आहे. मीही मग तिचं नाव काढलं नाही. राग धरण्यात मी पूर्वीपासून पक्की आहे.

यंदा झालं असं, की जेवताना लोकेंद्र म्हणाला, “आई, आता व्याख्यानातून डोंगर काढून टाक. ‘योगा आणि मी’ ठेव. खुर्चीवर बसून पण होते तो.”

रुचि हसली. तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला हे मला मान्य आहे, पण हसली. मी भाताचं ताट तसंच ठेवून उठले आणि सुकरामला फोन केला. “येते,” म्हटलं. “रविवारी या,” तो लगेच म्हणाला.

मग मी मनाशी ठरवलं. आपल्या पायांनी वर जायचं, आपल्या पायांनी खाली यायचं. नाही जमलं तर डोंगर हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. व्याख्यानं बंद. अकराच्या अकरा ठिकाणचे फोटो पेटीत.

तयारी मात्र जोरदार झाली. रुचिनं बूट मागवले, दोन्ही गुडघ्यांना पट्टे मागवले, टोकाला लोखंड असलेली काठी मागवली आणि माझ्या मोबाइलमध्ये हवामानाचं ॲप टाकून दिलं. ॲप म्हणालं, रविवारी पावसाची शक्यता दहा टक्के. मी पाठीवरच्या पिशवीत पाणी, चणे, ग्लुकोजची पुडी भरली आणि शाल-श्रीफळापुरती जागा रिकामी ठेवली. सहा वर्षं गाव बोलावतंय, काहीतरी करतीलच, असा हिशेब. नको नको म्हणायची तालीमही आरशासमोर झाली होती.

रविवारी सकाळी आठला लोकेंद्रनं मला आवळीटोल्यात सोडलं. ऊन लख्ख होतं, शेतांच्या बांध्यांमध्ये लवकर येणारं हलकं धान पिवळं पडलं होतं. हार कोणाच्या हातात नव्हता. सुकराम पंचा खांद्यावर टाकून उभा होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सरळ गुडघ्यांकडे पाहिलं.

“वाकतात का?” त्यानं विचारलं.

“वाकतात,” मी म्हटलं.

“चला मंग.”

रुख्मा त्याच्या मागे उभी होती. केस पार पांढरे झालेले, पायात रबरी चप्पल. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. मीही मान हलवली. सहा वर्षांचा राग असा अर्ध्या इंचात उरकला हे मला आवडलं नाही, पण एवढ्या लोकांसमोर भांडायचं कसं?

सुकराम मला गावाबाहेर, जिथून डोंगराची वाट सुरू होते तिथल्या ऐनाच्या झाडाखाली घेऊन गेला. झाडाच्या बुंध्याशी वीस-पंचवीस दगड मांडलेले होते. त्यातल्या एका दगडाकडे त्यानं काठी केली. अर्धा जमिनीत रुतलेला, शेवाळलेला दगड. त्यावर ऑइलपेंटनं, माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ज. कटरे, मु. अ.

“हा कोणाचा, बाई?”

मी ती रीत विसरून गेले होते. म्हणजे विसरले असं नाही, कधी मनावरच घेतली नव्हती. आवळीटोल्यात जो कोणी डोंगरावर जातो तो जाताना या झाडाखाली एक दगड ठेवतो आणि परत आला की उचलून टाकतो. संध्याकाळी सुकराम येऊन बघतो. दगड उरला तर माणूस वर आहे, मग लोक शोधायला निघतात. दुसरीकडे कुठं ही रीत मी पाहिली नाही, फक्त या टोल्यात. चौदा वर्षं मीही इमानदारीनं दगड ठेवला आणि उचलला. फक्त बाकीच्यांचे दगड बिननावाचे असतात आणि माझ्यावर मी हुद्द्यासकट नाव घातलं होतं. शाळेच्या टेबल-खुर्च्यांवर नंबर टाकून पेंट उरला होता.

“तुमी खाली आल्याच नाई, बाई,” सुकराम म्हणाला.

“असं कसं? सहा वर्षं मी गोंदियात आहे.”

“तिकडून गेल्या तुमी. इकडून कुठी आल्या? दगड सांगते ना.”

“अरे, मग कोणीतरी उचलून टाकायचा होता.”

“दुसऱ्याचा दगड गाव उचलते, पण तो मेल्यावर. तुमी तर जित्या. दरवर्सी फोनवर अर्धा घंटा बोलता.”

मग त्यानं मला बाकीचं सांगितलं. नवं धान निघालं की नवाखाईला सगळं गाव या झाडाखाली एका पंगतीत बसून नवा भात खातं. पण आदल्या दिवसाचा दगड झाडाखाली शिल्लक असेल तर पंगत बसत नाही. एक माणूस डोंगरावर असताना नवं खाऊन घ्यायचं म्हणजे त्याला मोजलंच नाही असं होतं. यंदाची नवाखाई आजच होती.

“सहा वर्सं झाली, घराघरात खाऊन राहिलो. चोरावानी,” सुकराम म्हणाला.

“आणि हे फोनवर सांगता येत नव्हतं?”

“सांगतलं ना जी. दरवर्सी सांगतलं, डोंगरावर या म्हून. तुमी गुडघ्याचं सांगे.”

पिशवीतली शाल-श्रीफळाची जागा मला पाठीला टोचायला लागली. इतकी वर्षं ज्याला मी प्रेम म्हणत होते ती तक्रार होती, आणि तीही किती अदबीनं केलेली. रागावायचं तर कोणावर? मी तरी विचारलं, “मग आता काय करायचं?”

“खिंडीवरी जा. जिथून गेल्या तिथवरी. आन इकडून उतरा, आपल्या पायानं. मंग उचला.” आणि मग आभाळाकडे बघून तो म्हणाला, “लवकर जा. हत्तीचा पाऊस आहे, याचा भरवसा नाई.”

मी त्याला मोबाइल दाखवला. “दहा टक्के,” म्हटलं.

“बरं जी,” तो म्हणाला. फोनवर म्हणायचा तस्संच.

आम्ही दोघी निघालो. पहिली पंधरा मिनिटं मी व्याख्यानातल्यासारखी चालले. मग श्वास लागला. पाऊलवाट तीच, पण दोन्ही बाजूंनी कुडा आणि धावडा इतका आत आला होता की काठीनं बाजूला करावा लागत होता. रुख्मा पुढे. दर वळणावर ती थांबायची आणि एखादं वाळकं लाकूड उचलून उगाच न्याहाळायची. मी पोचले की लाकूड टाकून पुढे. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी मी म्हटलं, “लाकडं बघायची नाटकं करू नको. थांबायचं तर थांब.”

“मी कायले नाटक करू? लाकूड कच्चं होतं,” ती म्हणाली.

एवढंच बोलणं. पत्रावळींसाठी पानं तोडायला गेलेल्या बाया वाटेत खाली उतरताना भेटल्या. सगळ्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, एकीनं किंमत विचारली. मी अर्धीच सांगितली तरी तिला हसू आलं.

साडेनऊला ऊन गेलं. कुठं गेलं कळलं नाही, आत्ता होतं आणि आत्ता नाही. खालून धुकं चढून आलं आणि पुढची रुख्मा लुगड्याच्या लाल काठापुरती उरली. मग बारीक पाऊस आला. पाच मिनिटांत तोही गेला आणि परत असं कडक ऊन की बुटांतून वाफ निघते की काय वाटावं. मी टोपी घालत होते, काढत होते, रेनकोट घालत होते, काढत होते. रुख्मानं पदर डोक्यावर घेतला होता तो तसाच ठेवला. मोबाइल काढून बघितला. ॲप आता पंधरा टक्के म्हणत होतं.

शेवटच्या चढाआधी ती मोठी चट्टान आली. घरावरच्या पत्र्याइतकी तिरकी, वीस-बावीस हात लांब, आणि ओली. चढताना मी हातापायांनी चढले. वर पोचून मागे वळून पाहिलं. इथून खाली यायचं होतं.

खिंड आली तेव्हा अकरा वाजत होते. खिंड म्हणजे दोन टेकाडांमधली बैलगाडीएवढी सपाट जागा. मी बसले. दम खाऊन झाल्यावर तिथला तो पुढे झुकलेला खडक दिसला आणि मी मान फिरवली.

व्याख्यानात मी सांगायचे, की तुफान गारपिटीत, एकटी, मी डोंगराची पश्चिम धार उतरले. लोक श्वास रोखून ऐकायचे. खरी गोष्ट अशी होती. गारा सुरू झाल्या तेव्हा रुख्मा म्हणाली, या खडकाखाली बसू, गारा थांबल्या की इकडूनच उतरू. मी म्हटलं, पलीकडून वनखात्याच्या मनोऱ्याचा रस्ता आहे, तिकडून जाऊ. ती म्हणाली, तिकडं चिखल आहे, घसराल. तिनं ‘घसराल’ म्हटलं याचा मला राग आला. कोण कोणाला शिकवतंय? ती लाकडं गोळा करायला खडकामागे गेली तेव्हा मी उठले आणि पलीकडे निघाले. सांगितलं नाही. शंभर पावलांत घसरले. बांबूच्या ट्रकवाल्यानं उचलून गोंदियाला नेलं. रुख्मा मला शोधत डोंगरावर फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी गावात निरोप आला, तो कोणीतरी वर जाऊन सांगितला तेव्हा खाली उतरली. हे मला नंतर कळलं होतं. व्याख्यानात ते बसत नव्हतं, म्हणून घेतलं नाही.

हे सगळं रुख्माला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मोबाइल वाजला. लोकेंद्र.

“आई, मी आणि रुचि पलीकडून आलो. मनोऱ्याच्या रोडनं. गाडी एकदम खिंडीखाली लावली आहे. तू फक्त पाच मिनिट चाल. पाऊस येऊन राहिला बघ, जोराचा.”

खरंच येत होता. पलीकडच्या टेकाडावर काळं झालं होतं आणि ढग गडगडत होते. मी खिंडीच्या त्या अंगाला जाऊन पाहिलं. खाली पांढरी गाडी दिसत होती, तिचे दिवे लुकलुकत होते. थर्मासमध्ये चहा असणार. रुचिनं सीटवर टॉवेलसुद्धा अंथरला असणार, ती तशी गुणाची आहे. इकडे ती चट्टान होती. पहिले टपोरे थेंब पडले.

खोटं कशाला सांगू, मी गाडीकडे दहा पावलं उतरले.

“दगडाचं मी बघतो,” फोनवर लोकेंद्र म्हणत होता, कारण उतरता उतरता मी त्याला दगडाचं सांगितलं होतं. “मी गावात जातो, उचलून टाकतो ना. नाही तर त्यांना म्हण, नवीन दगड आणून देतो. ट्रकभर. ये तू आई, तुझ्यानं आता होणार नाही ते.”

मी मागे वळून पाहिलं. रुख्मा खिंडीत उभी होती, डोक्यावर पदर.

“जा बाई,” ती म्हणाली. “गुडघे तुमचे आहेत. सुकरामले मी सांगीन.”

ती रागानं म्हणाली असती तर मी गेले असते, देवाशपथ. पण तिच्या आवाजात राग नव्हता. सहा वर्षांपूर्वी ती खडकाखाली बसू म्हणाली होती, त्याच आवाजात म्हणाली. आणि कानाशी लोकेंद्र परत म्हणाला, “होणार नाही तुझ्यानं.” माझं डोकं फिरलं. माझ्या रागानं आयुष्यभर माझं नुकसानच केलं आहे, घरातले आणि शाळेतले सगळे साक्षीदार आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा तो कामाला आला. मी फोन बंद केला, दहा पावलं परत चढले आणि रुख्माला म्हटलं, “चल. इकडूनच.”

मग धो धो आला. ‘पडेल हत्ती, कोसळतील भिंती’ म्हणतात ना, तो. चट्टानीवरून पाण्याचा पाट वाहत होता. मी काठावर उभी राहिले आणि पाय हलेनात. मी रुख्माला सांगितलं, “मला भीती वाटते.” साठ वर्षांत हे वाक्य मी कोणाला म्हटलं नव्हतं.

“मालूम आहे,” ती म्हणाली. “बसा.”

“खाली?”

“खालीच. उभ्यानं कायले उतरता? कोण पाहून राहिलं इथं?”

तर डोंगरकन्या चट्टानीवरून ढुंगणावर उतरली. काठी पिशवीला अडकवली, दोन्ही तळवे टेकले आणि एक-एक वीत सरकत गेले. रुख्मा माझ्या खाली, पाठमोरी न होता, माझ्याकडे तोंड करून उतरत होती. माझा बूट हातात धरून ती एकेका खाचेत नेऊन ठेवायची. “हा ठेवा. आता दुसरा. खाली पाहू नका, माह्याकडं पाहा.” पोरांना अक्षरं गिरवायला मी अशीच हात धरून शिकवायचे. पँट फाटली. एकदा डावा बूट सुटला आणि मी हातभर घसरले, माझे दोन्ही पाय जाऊन तिच्या छातीवर आदळले. ती हलली नाही. “दुसरा ठेवा,” एवढंच म्हणाली.

त्या बावीस हातांना पाऊण तास लागला. आम्ही खाली टेकलो आणि पाऊस थांबला. लगेच, एखाद्यानं नळ बंद करावा तसा. ऊन पडलं. मी आभाळाला एक शिवी दिली, जी मी चौदा वर्षं पोरांना देऊ दिली नव्हती. रुख्मा हसली. सहा वर्षांनी तिचं हसणं ऐकलं.

पुढची वाट सोपी नव्हती, पण ती वाट होती. अडीच वाजता आम्ही ऐनाच्या झाडापाशी पोचलो. सगळं गाव आलं होतं. चुली पेटल्या होत्या, माहुलाच्या पानांच्या पत्रावळी रचून ठेवल्या होत्या. लोकेंद्र वळसा घालून आमच्याआधी येऊन पोचला होता. माझी पँट, माझे हात, माझं तोंड बघून तो काहीतरी बोलणार होता, पण रुचिनं त्याचा हात धरला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं “आल्या का?” विचारलं, मी “आले” म्हटलं.

सुकरामनं झाडाला हात जोडले आणि म्हणाला, “उचला.”

त्या दिवशी डोंगरावर जाऊन आलेल्या एकेकानं पुढे होऊन आपापला दगड उचलला आणि बाजूला टाकला. मग मी. माझा दगड निघेना. सहा पावसाळ्यांची माती बसली होती. लोकेंद्र मदतीला आला तर सुकरामनं त्याला हातानंच अडवलं. मी काठीच्या लोखंडी टोकानं कडेची माती उकरली, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी ओढला. खाली मुंग्यांची पांढरी अंडी होती. दगड मी बाजूला टाकला. बस, झालं. मी हात झटकले आणि पंगतीकडे वळले.

कोणी जागचं हललं नाही.

“एक आहे अजून,” सुकराम म्हणाला.

माझ्या दगडाच्या शेजारी दुसरा होता. बिननावाचा, गोल, त्याच्याइतकाच जमिनीत गेलेला. सकाळी मी फक्त माझं नाव वाचलं होतं, त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. कोणाचा, असं मी विचारणार, तोवर रुख्मा त्याच्याजवळ बसली होती आणि बोटांनी माती काढत होती.

“तुझा?” मी विचारलं.

“हो.”

“पण तू तर तेव्हा इकडूनच उतरलीस. दुसऱ्या दिवशी. उचलायचा होतास ना.”

“सोबत गेलो होतो ना, बाई,” ती म्हणाली. “दोघी गेलो, मंग एकटीनं कसा उचलावा?”

मला पुढचं विचारायचं नव्हतं तरी तोंडातून निघालंच. “म्हणून गोंदियाला आली नाहीस?”

“डोंगरावरचं माणूस गोंदियाले कसं येईल?” तिनं दगड सुटा केला. “गावाबाहेर कुठीच नाई गेली मी. पोरीच्या बाळंतपणालेही नाई.”

ती हे अगदी साधं सांगत होती. मातीचे हात लुगड्याला पुसून तिनं दगड उचलला, माझ्या दगडाजवळ नेऊन टाकला आणि पंगतीत जाऊन बसली. तिच्या शेजारची जागा तिनं हातानं झाडून ठेवली. मी मात्र उभीच होते.

“नवं पण नाई खाल्लं हिनं,” सुकराम माझ्या बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाला. “सहा वर्सं. घरचं दीड एकर धान आहे. सारं विकते आन राशनचा तांदूळ आणून खाते. वर असलेल्या माणसाले नवं चालत नाई, म्हणते. किती समजावलं. म्हणे, बाई येतील.”

त्या सहा वर्षांत मी चार सत्कारांत जेवले होते. चारही ठिकाणी सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात होता, आणि एके ठिकाणी तो गिचका झाला म्हणून मी घरी येऊन रुचिजवळ नावंही ठेवली होती. मला लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, चट्टानीवरसुद्धा नाही. रडू येत होतं, पण ते लोकांसमोर दाखवून परत माझंच कौतुक करून घेतल्यासारखं झालं असतं, म्हणून मी ते गिळलं.

वाढपी बाया भाताची टोपली घेऊन निघाल्या होत्या. मी एकीच्या हातातून टोपली घेतली. ती नको म्हणाली, पाहुण्यानं वाढू नये म्हणाली. मी तिला म्हटलं, मी पाहुणी नाही, आत्ताच डोंगरावरून आले आहे. मग तिनं सोडली. वाकताना गुडघ्यातून कळ आली. मी रुख्माच्या पत्रावळीवर भात वाढला. तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला आणि बराच वेळ चावत राहिली.

“चिकट लागते नवा,” ती म्हणाली. “विसरलीच होती.”

तिनं पत्रावळ पुढे केली. मी वाढलं. तिनं ते संपवलं आणि परत पुढे केली, मी परत वाढलं.

“बाई, बसा तुमी, खा,” सुकराम म्हणाला. “हिले आज पुरनार नाई.”

मी वाढत राहिले.